पंपावरचं नाव

१८ फेब्रुवारी २०२५
मुलींचं वसतिगृह

तीर्थरूप बाबांना,
यशश्रीचा साष्टांग नमस्कार.

तीन आठवडे तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र अंशुलदादाच्या हाती देते आहे. आपण भाऊ आहोत की पोस्टमन, हेच त्याला कळेनासं झालंय. तुमचा गुडघा कसा आहे? आई दर्पण कॉलनीत सगळ्यांना सांगते म्हणे, की मी जलविज्ञान शिकते. शिकते हातपंप दुरुस्त करायला, पण आईचं अगदीच खोटं नाही.

घराजवळच्या, लष्कर भागातल्या कॉलेजचा तुम्ही पाठवलेला फॉर्म मिळाला. त्याचं शेवटी सांगते.

बाबा, तुमच्या साठीशांतीला आले नाही. परीक्षा आहे म्हणाले होते. परीक्षा नव्हती.

आमच्या कॉलेजची रीत अशी, की जो पंप दुरुस्त करेल त्याचं पूर्ण नाव पंपावर रंगवायचं. पंप बंद पडला की त्यानंच परत यायचं. शांतीच्या आदल्या दिवशी मी इथल्या जवळच्या एका गावातला पंप जोडला, नाव रंगवलं आणि घरी यायला बस गाठली. त्या घाईत पंपाच्या आत पाणी उपसणाऱ्या सळ्यांचा एक नट नीट आवळला नाही. बस सुटायच्या आतच फोन आला, की सळ्या बोअरमध्ये पडल्या. मी उतरले.

पंपापाशी बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. एक म्हातारी म्हणाली, "नाम तो बड़ो लिखो है बिटिया, पानी कहाँ है?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिच्याच घरी राहिले. सकाळी सगळ्यांबरोबर लांबच्या विहिरीवरून पाणी आणलं, मग सळ्या गळ टाकून काढल्या. पाणी आलं तेव्हा बारा वाजले होते. तुमच्यावर तेव्हा अभिषेक चालला असेल, या विचारानं मी तिथेच रडले.

खरं सांगितलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असता, "बघ, जमतंय का तुला?" चूक माझी होती. खोटं बोलले, तीही माझीच. माफ करा.

पण जमतंय, बाबा. तो पंप आजही चालू आहे. फॉर्म कोराच परत पाठवते आहे. मी इथेच शिकणार.

रविवारी सकाळच्या बसने या. त्या पंपाचं पाणी प्या, मग हवं तेवढं रागवा. त्यावर नुसतं माझं नाव नाही. तो कोरडा सोडून मी घरी कशी येणार होते?

तुमचीच,
यशश्री मधुसूदन
(पंपावर आहे तसंच)