गादीकारखान्यातली नऊ वर्षं

तारीख अकरा, मंगळवार

प्रिय धाकटीस,

ताईचे पोटभर आशीर्वाद. तुझं पत्र पोचून वीस दिवस झाले. उशिराला डोळ्यांचं कारण देणार होते, पण मोतीबिंदू काढल्यापासून मला समोरच्या गच्चीवरच्या कबुतरांचे पायसुद्धा मोजता येतात. तेव्हा ते कारण राहू दे.

इकडे सगळं ठीक. कारखाना आता मुकादमाची मुलगी बघते. फोमच्या गाद्यांना गिऱ्हाईक जास्त, कापूस फक्त गुरुवारी निघतो, तोही माझ्यासारख्या हट्टी म्हाताऱ्यांसाठी. मी दुकानाच्या फळीवर बसते आणि कुणी विचारलं नाही तरी सल्ले देते. गुडघे बोलतात, दात बोलत नाहीत, कारण ते उरलेले नाहीत.

तू लिहिलं आहेस की तुमच्या गुरूंचं, थोरल्यांचं, चरित्र लिहायचं काम आश्रमातल्या मंडळींनी तुझ्यावर सोपवलं. वाचून बरं वाटलं. तुझं अक्षर लहानपणापासून चांगलं. पुढे लिहिलं आहेस की सव्विसाव्या वर्षापासून पस्तिसाव्यापर्यंतची त्यांची नऊ वर्षं कोरी आहेत. मंडळी म्हणतात, त्या काळात ते डोंगरातल्या एका गुहेत मौन धरून बसले होते, पण कुठला डोंगर ते कुणाला सांगता येत नाही. आणि एकदा जेवताना त्यांच्या तोंडून आपल्या गावाचं नाव निघून गेलं होतं, म्हणून तू विचारतेस, ताई, तुझ्या कानावर काही आलं होतं का.

आलं होतं.

आज एवढंच लिहिते. हात भरून आला आहे.

बुधवार

काल हात वगैरे काही भरून आला नव्हता. गुहेचं वाचून मला हसू आलं, आणि हसता हसता दुसरंच काहीतरी झालं, म्हणून कागद उलटा घालून ठेवला.

धाकटे, तो गुहेत नव्हता. तो आपल्या कारखान्यात होता. आणि मौनाचं म्हणशील तर कारागीर त्याला रेडिओ म्हणायचे.

तू तेव्हा आत्याकडे होतीस, तीन दिवसांच्या प्रवासावर. आई गेल्यावर तुला सातव्या वर्षी तिकडे पाठवलं आणि मग तू एकदम एकविसाव्या वर्षी परत आलीस. मधलं तू काही पाहिलं नाहीस. तो आला तेव्हा मी बावीस वर्षांची होते. त्याच्या हातात एक फाटकी उशी होती, कुठल्यातरी खानावळीच्या मालकिणीची. उशी शिवायला पाव तास लागला, आणि तो तीन तास बोलत बसला. ढगांबद्दल, मुंग्यांबद्दल, एका घोड्याबद्दल. बाबा वैतागले. त्याचं तोंड बंद व्हावं म्हणून त्यांनी त्याच्या हातात पिंजण दिलं. ती धनुष्यासारखी कमान तुला आठवत असेल, लहानपणी तू तिला घाबरायचीस. पण तो तारेच्या सुरात सूर मिसळून बोलायला लागला. संध्याकाळी बाबा म्हणाले की हा बोलतो तेवढं पिंजेल तर आपल्याला दुसरा माणूस ठेवायला नको. तो राहिला.

कापूस पिंजताना ती खोली कशी व्हायची, ते शब्दांत सांगणं अवघड आहे. माणसं एकमेकांना धुक्यातून दिसावीत तशी दिसायची. खिडकीतून उन्हाची तिरीप आली की तिच्यात तंतू वर चढायचे आणि चढतच राहायचे, खाली यायला विसरल्यासारखे. तार टणकन वाजली की छातीत कुठेतरी ती उतरायची. त्या पांढऱ्या धुक्यात त्याचा आवाज फिरायचा. कधीकधी तो कुठे उभा आहे हेच कळायचं नाही. मला वाटायचं, आपण झोपलेलो आहोत आणि कुणीतरी आपल्याला गोष्ट सांगतं आहे. मी त्या आवाजाच्या प्रेमात पडले. माणूस नंतर दिसला.

तुला माहीत आहे की माझं लग्न झालं होतं, आणि नवरा परागंदा झाला. तू कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही. आमचा एकच फोटो होता, नोंदणी कचेरीबाहेर काढलेला. तो गेल्यावर मी तो फोटो एका दुहेरी गादीत घालून शिवला आणि ती गादी विकून टाकली. कुणीतरी त्यावर वर्षानुवर्षं झोपलं असेल.

म्हणजे आता तुला कळलं. ज्यांना तू सदतीस वर्षं थोरले म्हणालीस, ते तुझे मेहुणे होते.

जरा पाणी पी आणि मग पुढचं वाच.

शुक्रवार

काल गुरुवार होता. कापूस निघाला, म्हणून लिहिलं नाही. दिवसभर फळीवर बसून राहिले आणि नाकातोंडात तंतू घेत राहिले. बरं वाटलं.

आम्हाला एक मुलगी झाली होती. ती गेली एवढंच मी तुला कळवलं होतं, एका पोस्टकार्डावर, चार ओळींत. तिला सगळे म्हातारी म्हणायचे. दिवसभर कारखान्यात लोळायची, त्यामुळे केसांत, भुवयांवर कापूस. सावरीची म्हातारी उडत आल्यासारखी दारातून यायची. बाबा तिला पाहायला राहिले नाहीत, तिच्या आधीच वर्षभर गेले. पण तिचं बोलणं, बापावर गेलेलं. दोघं मिळून एवढं बोलायचे की मी कधी कानांत बोळे घालायचे. बोळ्यांना आमच्याकडे काय तोटा.

सहाव्या वर्षी तिला ताप आला. घसा धरला, घशात पांढरं साचलं. डॉक्टर आले, सुई देऊन गेले, दुसऱ्या दिवशी पुन्हा आले आणि माझ्याकडे न बघता हात धुवायला लागले. तेव्हा मला समजलं. त्यालाही समजलं.

आम्ही तिला कारखान्यातच ठेवलं होतं, नव्या कापसाच्या ढिगावर, कारण गादीसुद्धा तिला टोचत होती. पिंजणं बंद होती. तरी हवेत तंतू होते, ते खोलीतून कधी पूर्ण जात नसत. दुपारची दोनची वेळ असेल. ऊन तिच्या पायांपर्यंत आलेलं. तिला बोलता येत नव्हतं, पण ती बापाकडे बघत होती, आणि मग कसाबसा आवाज काढून तिने म्हटलं, "बाबा, बोल ना."

त्याने तोंड उघडलं. धाकटे, मी ते तोंड अजून बघते. उघडलं आणि त्यातून काही आलं नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा. तो उठला. म्हणाला, "डॉक्टरांना बोलावून आणतो." डॉक्टर नुकतेच गेले होते, ते येऊन काही होणार नाही हे आम्हा दोघांना माहीत होतं. तो दारातून बाहेर गेला. ती दाराकडे बघत राहिली. तीन वाजता गेली. शेवटपर्यंत दाराकडेच बघत होती, माझ्याकडे नाही. मी शेजारी होते आणि तिने माझ्याकडे बघितलं नाही.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तुमच्या मंडळींचा पहिला नियम काय आहे, तो मी तुला सांगायची गरज नाही. दुःखातल्या माणसाजवळ बसावं, काही बोलू नये, आणि आपण आधी उठू नये. तुझ्या पहिल्या पत्रात तू तो लाल शाईने लिहून पाठवला होतास. तू लिहिलं होतंस की हा नियम त्यांना गुहेत स्फुरला.

तो तिसऱ्या दिवशी सकाळी आला. दाढी वाढलेली, चपला नव्हत्या. कुठे होतास, मी विचारलं नाही. तो उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला आणि आत यायची वाट बघत राहिला. मी दाराशी गेले. मी म्हटलं, "जा." तेवढंच. आणि दार लावलं, आतून कडी घातली. तो किती वेळ उभा होता मला माहीत नाही. मी पाठ टेकून आतल्या बाजूला बसले होते.

तेव्हा परागंदा झाला हे खोटं. मुकादमाला, शेजाऱ्यांना, तुला, सगळ्यांना मी तेच सांगितलं. तो पळाला ते दोन दिवस. बाकीचं मी केलं.

शनिवार

पुढे तू परत आलीस आणि सात वर्षं आपण दोघींनी कारखाना चालवला. मग एक दिवस तू बाजारातून ते पत्रक घेऊन आलीस. चेहरा नुसता उजळला होता तुझा. पत्रकावर त्याचा फोटो होता. डोकं भादरलेलं, गाल बसलेले, पण डोळे तेच. तू ते माझ्या हातात द्यायला लागलीस, तर मी म्हटलं, माझ्या हाताला तेल आहे, खराब होईल. आठवतं तुला? आणि तू जायचं म्हणालीस तेव्हा मी जाऊ नकोस म्हटलं, आणि का ते सांगितलं नाही. तुला वाटलं, ताईला एकटं राहायची भीती वाटते. जाताना तू तसं बोलूनही दाखवलंस. त्यानंतर आपली पत्रं म्हणजे पाऊसपाणी आणि गुडघे.

तो तुझ्या एका वाक्यावरून तुला ओळखून बसला असणार. तुला पहिल्या दिवशी विचारलं होतं ना, घर कुठलं, घरी काय करता. तू म्हणालीस, गाद्या. तू लिहिलं होतंस की थोरले त्यानंतर बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मंडळींना वाटलं, तुझ्यावर कृपा झाली.

ओळखल्यावर इथं यायला त्याला सहा वर्षं लागली. एका दुपारी गिऱ्हाईक बसतं तसा येऊन फळीवर बसला. एकटा, साधे कपडे. मी गादीच्या कडेला टाके घालत होते. मी वर बघितलं आणि दुसरं दाभण त्याच्यापुढे सरकवलं. त्याने सुतळी ओवली. दोघांनी दोन कोपऱ्यांकडून शिवायला घेतलं. त्याचा हात मोडला नव्हता, टाके सरळ पडत होते. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मी उठायला नको होतं."

मला म्हणायचं होतं की दार मी लावलं. पण मी सुतळी ओढत राहिले.

मग त्याने सांगितलं की लोक विचारतात, हे कुठे शिकलात. त्याला खरं सांगायचं होतं. तिचं नाव घेऊन सांगायचं होतं. मी त्याला नको म्हटलं. म्हटलं, "तिची गोष्ट करायची नाही. तुझी हजारो माणसं तिच्यासाठी डोळे पुसतील, आणि मग माझ्यापाशी काय राहील?" त्याने मान डोलावली. शब्द दिला म्हणजे दिला. गादी पूर्ण होईपर्यंत थांबला, उन्हं उतरल्यावर गेला. पुन्हा आला नाही. मी बोलावलं नाही.

तर तुमची गुहा ही अशी झाली. त्याने कधी म्हटलं नसेल की मी गुहेत होतो. तो फक्त गप्प बसला, आणि लोकांनी त्या गप्प बसण्याला डोंगर आणून दिला.

रविवार

आता तू विचारशील की एवढी वर्षं गिळून ठेवलंस ते आज का.

गेल्या महिन्यात मी अशीच पडले होते, दुपारची, आणि डोळा लागतो न लागतो तोच ती दारातून आली. केसांत कापूस, हसत. तिचा पुढचा एक दात पडलेला होता. जाग आल्यावर मला आठवेना की डावा की उजवा. बसले, आठवत राहिले. संध्याकाळ झाली. मग वाटलं, विचारावं कुणाला तरी. आणि जगात असं एकच माणूस होतं, ते गेल्या वर्षी गेलं. तुम्ही मंडळी सगळी त्याच्याजवळ बसला होतात, हे तू लिहिलं होतंस, आणि मी त्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं.

मी तिला जपून ठेवलं असं मला वाटत होतं. तसं नाही झालं. ती माझ्यापाशी झिजत चालली आहे. मी गेल्यावर ती उरायची नाही.

म्हणून लिही. सगळं लिही. तो बोलका होता हे लिही, मंडळींना आवडो न आवडो. तो उठून गेला हे लिही, आणि मी त्याला आत घेतलं नाही हेही, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. म्हातारीला मात्र देवदूत करू नकोस. ती खोटं बोलायची, चावायची, आणि उशांच्या शिवणी उसवून आत खडे घालून ठेवायची. गिऱ्हाईकं भांडायला येत. असं लिहिलंस तर लोकांना ती दिसेल.

मंडळी ऐकतील की नाही मला माहीत नाही. कदाचित तुझ्या हातून काम काढून घेतील. तुझी श्रद्धा यानंतर कुठे जाईल, तेही मला सांगता येत नाही. एवढंच सांगते की त्याने जे तुम्हाला शिकवलं ते खोटं नव्हतं. ते त्याला फार महागात पडलं होतं, आणि एवढी किंमत मोजून माणूस खोटं शिकवत नाही.

तुला जाऊ नकोस म्हटलं त्याचं कारण आज दिलं. सदतीस वर्षं उशीर झाला, तो पोटात घाल.

पत्र मी स्वतः पोस्टात टाकणार आहे, मुकादमाच्या मुलीकडे देणार नाही. आणि खाली जे लिहिते आहे ते आयुष्यात पहिल्यांदाच लिहिते आहे.

तुझी ताई,
त्याची बायको,
म्हातारीची आई