तिसरा अर्थ सोमवारी

सर, तुम्ही गेलात म्हणून मी तुम्हाला माफ केलं असेल, असं समजू नका. गेलेल्या माणसाबद्दल वाकडं बोलू नये असं माझी आई म्हणते, पण आई तुमच्या वर्गात बसलेली नव्हती. मी बसलो होतो. बी.ए.चं दुसरं वर्ष, खिडकीकडचा तिसरा बाक, आणि तो शनिवार. नऊ वर्षं झाली. पोरं हसली ते मी केव्हाच सोडून दिलं, पोरं हसतातच. पण तुम्ही काहून हसलात? एवढंच विचारायचं आहे, आणि उत्तर द्यायला तुम्ही जागेवर नाही. हीसुद्धा तुमचीच चाल वाटते मला.

तो खडूंचा लाकडी खोका आठवतो ना? झाकणाला फट पाडून तुम्ही तो वर्गाच्या दाराशी ठेवला होता. न कळलेला इंग्रजी शब्द वाक्यात घालून चिठ्ठी टाकायची, नाव लिहायचं नाही, आणि शनिवारच्या शेवटच्या तासाला तुम्ही एक चिठ्ठी उचलणार. मग तो शब्द कुठून आला, आधी त्याचा अर्थ काय होता, कसा बदलत गेला, हे सगळं तुम्ही एखाद्या नातेवाइकाची गोष्ट सांगावी तसं सांगायचात. घंटा झाली आणि शब्द पुरा झाला नाही, तर उरलेलं चिठ्ठीच्या मागे लिहून ती ज्याची त्याला परत द्यायचात. अक्षरावरून माणूस ओळखायचात तुम्ही. सगळ्यांना माहीत होतं ते.

मला शब्दांचं काही वेड नव्हतं. पण पहिल्या बाकावर ती बसायची, आणि तुम्ही सांगितलेला प्रत्येक शब्द हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहून घ्यायची. शाई पुसली जाऊ नये म्हणून हात उचलून धरायची, तो हात मला मागून दिसायचा. माझी आणि तिची एकूण ओळख म्हणजे सायकल स्टँडवर एकदा तिची चेन मी बसवून दिली होती, तेवढीच. मला वाटलं, आपला एक शब्द तिच्या त्या वहीत, तिच्या हातानं लिहिला जावा. बस. मी चार दुपारी वाचनालयातल्या त्या जाडजूड शब्दकोशासमोर उभा राहून शब्द शोधला. ट्विंज. अचानक उठणारी कळ. मग इंग्रजीत वाक्य लिहिलं, की पहिल्या बाकावरची एक जागा रिकामी दिसली की मला ट्विंज होते. आता वाचताना मलाही कसंतरी होतं. तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, आणि यापेक्षा खरं वाक्य मी तोवर लिहिलं नव्हतं.

तुम्ही नेमकी तीच चिठ्ठी उचललीत. मोठ्यानं वाचलीत, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत. मग वर्गाला म्हणालात, "मराठीत याला काय म्हणाल? आपल्याकडे दुखण्याला शब्दांची कमी नाही. पोटात कळ येते, डोक्यात सणक जाते, पाठीत चमक निघते, दाढेत ठणका लागतो. हे कुठलं?" आणि मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "उसण, सर! कंबरेत भरते ते!"

वर्ग फुटला. बाकं वाजवली पोरांनी. आणि तुम्ही, टेबलाला हात टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. तिनं वही तोंडासमोर धरली होती, पण खांदे हलत होते. वहीत काही लिहिलं गेलं नाही.

बरं, तिथं थांबायचं होतं. तुम्ही खाली उतरलात, माझ्या बाकापाशी आलात, आणि माझ्या दंडाला दोन बोटांनी चिमटा काढलात. "ही पहिली पायरी," म्हणालात. "हा शब्द मुळात चिमट्याचा. जुन्या इंग्रजीत एकानं दुसऱ्याला चिमटा काढायचा, त्याचं हे क्रियापद होतं. पुढे हजारेक वर्षांत बोटं गळून पडली आणि नुसती कळ उरली, ही दुसरी पायरी. आता कोणी काढत नाही, आपोआप उठते. लहान असते, क्षणाची असते. आली तशी जाते. लिहिणाऱ्यानं मोठा अचूक शब्द निवडलाय." पुन्हा हशा. "आणि तिसरी पायरी..." तेवढ्यात घंटा झाली.

क्षणाची असते! माझं सगळं काही तुम्ही चिमट्यात मोजलंत आणि वर अचूक म्हणालात.

स्टँडवर ती सायकल काढत होती. मी मान खाली घालून निघालो होतो, तर तीच म्हणाली, "काय रे, उसण बरी झाली का?" वाईट मनानं नसेल म्हणाली. मैत्रिणी खिदळल्या. त्या दिवसापासून माझं नाव गेलं, सर. पानाच्या ठेल्यावर, मेसमध्ये, सगळीकडे, "काय गा उसण, आज कुठं भरली?" पण ते नंतरचं. त्या क्षणी मी उलटा फिरलो, प्राध्यापकांच्या खोलीत शिरलो, तुमच्या टेबलावरचा खोका उचलला आणि फरशीवर आपटला. फळ्या निघाल्या, चिठ्ठ्या पंख्याच्या वाऱ्यानं खोलीभर उडाल्या. दुसरे सर उठून ओरडायला लागले. तुम्ही बसूनच होतात. म्हणालात, "तिसरा अर्थ राहिलाय तुझा. सोमवारी ये."

खोका फोडला त्याला हे उत्तर? एक थप्पड दिली असतीत तर मी कदाचित आलो असतो. सोमवारी मी मामाच्या ओळखीनं शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बिल्ट्या लिहायला बसलो होतो. आजही तिथंच बसतो. कोणत्या ट्रकमध्ये काय माल, कुठून कुठं, किती नग. इंग्रजीतच लिहितो, तेवढं तुमचं कामी आलं.

त्याच वर्षी एप्रिलात तुम्ही आलात. धरमपेठेतून वाडीपर्यंत, अमरावती रोडच्या त्या चढावर, सायकलनं, त्या उन्हात. कोणी बोलावलं होतं तुम्हाला? डोक्यावर ओला रुमाल, पँटला क्लिप. आमच्या गोदामासमोरच्या चहाच्या टपरीवर बसलात. टपरीवाल्यानं नंतर मला पाकीट दिलं. म्हणाला, "तुमचे मास्तर होते ना जी. दोन घंटे बसून राहिले. परीक्षेचा फारम हाय म्हणे, सगळा भरला हाय, खाली सही तेवढी कराची हाय. अन् यात एक चिठ्ठी हाय म्हणे, त्याले म्हणा वाचून घे." मी पाकीट न फोडता त्याच्या शेगडीत घातलं. तो हात पुढं करत राहिला, "अरे गा, काहून जाळता? माणूस एवढ्या उन्हाचा आला ना तुमच्यासाठी!" मी म्हटलं, चहा दे. पुढच्या महिन्यात कळलं, तुम्ही गेलात. छातीत कळ आली आणि रिक्षा येईपर्यंत संपलं, असं सांगणारा म्हणाला. मी आलो नाही. मुद्दाम आलो नाही.

आज हे लिहायचं कारण वेगळं आहे. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात मला ती सीताबर्डीवर भेटली. माहेरी आली होती, मुलासाठी तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी घेत होती, चाकं नीट फिरतात का ते बोटानं बघत होती. हात तसाच उचलून धरलेला. सर, नऊ वर्षांनी ती कळ तिथल्या तिथे उठली, म्हणजे तुमची क्षणाची गोष्ट खोटी. हे तुम्हाला ठणकावून सांगायचं होतं. तिनं बघितलं, डोळे बारीक केले. "तू तो... उसण ना रे?" नाव आठवेना तिला. मीही सांगितलं नाही. मग म्हणाली, "आपले सर किती गोड शिकवायचे ना! तुझा पत्ता मलाच विचारला होता त्यांनी. त्या शनिवारी आपलं चुकलं, असं म्हणत होते. मी म्हटलं, वाडीत कुठेतरी आहे. भेटले ना मग तुला?"

मी म्हटलं, "हो. भेटले. चहा घेतला आम्ही."

ती खूश झाली. नंदी पिशवीत घालून गेली. आणि मी तिथंच पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून एक शब्दकोश ओढला, उभ्या उभ्या पान काढलं. दुकानदार ओरडत होता, "घ्यायचं हाय का नुसतं पाहायचं?" तिसरा अर्थ एका ओळीचा निघाला. आपण काही वाईट केलं त्याची मनाला लागणारी टोचणी. एवढंच? एवढ्यासाठी तुम्ही तो चढ चढलात? ते हसणं जरा आवरलं असतंत, तर घंटेच्या आधी सांगून झालं असतं.

ती टोचणी तुमची होती की माझ्यासाठी आणली होतीत, हे त्या चिठ्ठीत असेल. ती जळाली. आणि हा कागद घालायला खोकाही नाही, तो मीच फोडला.

एक सांगायचं राहिलं. टपरीवाल्याला वाटतं मी तेव्हा बाहेर गेलो होतो. मी गोदामातच होतो, सिमेंटच्या पोत्यांमागे, पत्र्याच्या फटीतून बघत. निघताना तुम्ही दाराशी येऊन हाक मारलीत. उसण म्हणून नाही. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, हजेरी घ्यायचात तसं, आणि तसेच क्षणभर थांबलात. माझ्या ओठांवर 'येस सर' आलं होतं, सर. मी तोंडावर हात ठेवला.