झाडांवर फोडलेलं खापर

प्रिय अनुज,

'प्रिय' हे हाताच्या सवयीने आलंय, त्यावर जाऊ नकोस. तू माझे फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. विरार काही परदेशात नाही, पण भुईगावात येऊन सभेत भाषण ठोकून गेलास आणि घराची पायरीसुद्धा चढला नाहीस. आईने तुझ्यासाठी केळफुलाची भाजी करून ठेवली होती. ती मी खाल्ली आणि घासागणिक तुला शिव्या घातल्या.

तिचा खोकला वाढलाय. सकाळी बरी असते. ऊन चढलं, आभाळ मळकट पांढरं झालं की तिला धाप लागते, गजऱ्यांसाठी कागड्याच्या कळ्या खुडता खुडता टोपली तिथेच ठेवून ओट्यावर येऊन बसते. डॉक्टर म्हणाले, हवेतले बारीक कण. असे खोकणारे घरोघर झाले, म्हणून तर गावाने सभा बोलावली, हायवेकडच्या गाळ्यांत थिनरचे ड्रम धुणाऱ्या त्या कारखान्याला जाब विचारायला. आणि त्यांच्या बाजूने कण मोजायचं यंत्र घेऊन उभं कोण राहिलं, तर आपल्याच बाबांचा मुलगा.

काय रुबाब होता तुझा. सकाळी कारखान्याच्या फाटकाशी यंत्र लावलं, कण जवळजवळ नाहीतच, कारखाना निर्दोष. लोकांनी माना डोलावल्या. मी मागे उभी होते आणि तू मुद्दाम माझ्याकडे बघत नव्हतास. कारण हे सगळं मला तूच शिकवलंस. एमएस्सीला असताना विहिरीच्या कठड्यावर बसून तासन्‌तास बडबडायचास. थिनरची, पेट्रोलची वाफ बाहेर पडते तेव्हा ती नुसती वाफ असते, कण मोजणाऱ्या यंत्राला ती दिसतच नाही. मग वाऱ्याबरोबर जाताना ऊन आणि गाड्यांचा धूर तिला बदलत जातात, हवेतला ऑक्सिजन तिला चिकटतो, ती जड होते, तिला वाफ म्हणून राहता येत नाही, आणि पानावर दव धरावं तशी ती बारीक धुळीवर धरते. तेच हे कण. म्हणजे ते फाटकाशी सापडणारच नाहीत, दुपारी आपल्या फुलांच्या वाडीवर सापडतील. थंडीतला सकाळचा वारा तिकडून इकडे येतो, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. यंत्र कुठे आणि कधी लावायचं नाही, हे तुझ्याइतकं कोणाला कळणार?

तेवढ्यावर थांबला असतास तर मी गप्प बसले असते. पण शेजारच्या फेलिशियाने विचारलं, मग हे कण येतात कुठून, आणि तू म्हणालास, झाडांतून. झाडंही अशा वाफा सोडतात, फुलांचा वास म्हणजे तेच, आणि इथे तर वाड्याच वाड्या. अर्धं खरं बोलायला तुला लाज वाटली नाही. झाडं बाबांच्या काळीही वास सोडत होती, तेव्हा आई औषधाच्या पंपाशिवाय श्वास घेत होती. गाड्यांचा, कारखान्यांचा धूर मिसळला की त्या वासाचेही जास्त कण होतात, हेही तूच सांगितलं होतंस. सभेत बरं विसरलास.

आणखी एक विसरलास. शेवटच्या रांगेत तोंडाला पदर लावून आई बसली होती. घरी आल्यावर मी तिला सगळं समजावलं, पण तिने ऐकलं नाही. माझा पोर शिकलाय, चार लोकांत तो उगाच नाय बोलणार, म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेलेली बघून तिने झाडं तोडणाऱ्या सॅमीला करवत घेऊन बोलावलं आणि विहिरीवरचा सोनचाफा पाडून घेतला. ज्याची फुलं दादरला विकून बाबांनी तुला शिकवलं, तोच. खोकला आहे तसाच आहे. तिला वाटतं, झाड चुकलं. तिनेच मला लिहायला बसवलंय, तुला विचार म्हणून, की आता पुढचं कुठलं पाडू, बकुळ की आंबा. रविवारी सॅमी परत येणार आहे. आता मी तिला काही सांगणार नाही. तू ये, आणि तिच्यासमोर बसून झाड दाखव.

अजून तरी तुझीच बहीण,
हेमांगी