कोटंबीचा घाट आणि पन्नास लिटर कुलंट

जानोरी, ता. दिंडोरी
बुधवार, चहानंतर

श्रीयुत नवनाथराव गुरुजी यांस,

सावळीरामचा हात जोडून नमस्कार. (आजवर तुला 'चिरंजीव' लिहून आशीर्वाद देत आलो. आज एकदम श्रीयुत आणि नमस्कार, म्हणजे दाजींचं काहीतरी अडलंय हे तू ओळखलं असशीलच. तरी पत्र शेवटपर्यंत वाच.) सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? उज्वलाला आता बाळंतपणाचा थकवा नाही ना? आणि आमची आरोही आता महिन्याची झाली, मूठ सोडते का? लताबद्दल विचारत नाही. तीन आठवडे माहेरी राहिलेल्या बाईची तब्येत उत्तमच असणार.

पत्र का, असं तुला वाटेल. फोन केला की उज्वला तो स्पीकरवर टाकते, मागून तुझ्या बहिणीचा खोकला ऐकू येतो, आणि मी पावसापाण्याचं काहीतरी बोलून ठेवून देतो. म्हणून हे तुझ्या शाळेच्या पत्त्यावर. घरी नेऊ नकोस.

तर नवनाथ, बातमी अशी की आपली जीप आता तापत नाही! हे वाक्य मी गेल्या आठवड्यात निदान चाळीस माणसांना सांगितलं, आता तुला लिहून कळवतोय. पहिल्यापासून सांगतो. बारशाच्या आदल्या दिवशी बॉनेट उघडलं तर इंजिन थंड ठेवणारं कुलंट चार बोटं खाली. आत होतं हिरवं. ओझरच्या दुकानात एकाने गुलाबी दाखवलं, पाच वर्षं बघायला नको म्हणाला. मी ते घेतलं, हिरव्यात ओतलं, आणि वर उरलेली जागा बोअरच्या पाण्याने भरली. लता ओट्यावर बसून आरोहीच्या कुंचीला झालर लावत होती. तिने एवढंच विचारलं, की फवारणीच्या आधी दोन औषधं बाटलीत मिसळून बघता, दुधासारखी फुटली तर टाकून देता, मग हे का नाही बघितलं? मी म्हणालो, तुला काय कळतं त्यातलं. (हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागेल.)

आता मी कोण, ते बघ. कोणतं औषध कशात चालतं हे विचारायला अर्धी जानोरी माझ्या बागेत येते. बोअरच्या क्षाराने ठिबकच्या नळ्या बुजतात म्हणून दरवर्षी ॲसिड सोडून त्या धुणारा मी. तेच पाणी पंधरा वर्षं जीपला पाजत होतो, आणि तिच्या नळ्या कशाने बुजतील हे एकदाही मनात आलं नाही. द्राक्षाला जेवढी अक्कल लावली त्याच्या पावपट जीपला लावली असती तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

पुढचं तुला माहीत आहे. कोटंबीच्या घाटात तिसऱ्या वळणावर बॉनेटमधून वाफ. मी रेडिएटरच्या गरम झाकणाला फडकं लावून ते पिळणार, तेवढ्यात एका ट्रकवाल्याने मागून माझा सदरा धरून ओढला. तोंड भाजलं असतं, असं म्हणाला. (म्हणाला त्याहून थोडं जास्तच, पण तू मास्तर आहेस.) तासाभराने उघडून बघितलं तर आत खरवस. हिरवं आणि गुलाबी मिळून खरवसासारखं थलथलीत, तपकिरी काहीतरी. बारा वाजता पाळण्यात नाव ठेवायचं आणि आत्या घाटातल्या दगडावर बसलेली, मांडीवर कुंचीची पिशवी. पेठची एसटी आली तेव्हा तिने हात केला आणि चढता चढता म्हणाली, "आता तुम्ही आन तुमची जीप, बसा बोलत." मी बसलो. जीप काही बोलली नाही.

ती पोचेपर्यंत चुलतआत्या योगिनीने बाळाच्या कानात नाव सांगून टाकलेलं. नाव लतानेच शोधलेलं, ते सांगितलं योगिनीने, आणि आत्याच्या पाठीवर पडायचे ते धपाटेही योगिनीनेच खाल्ले. पन्नास वर्षांच्या बाईला धपाटे हुकल्याचं इतकं वाईट वाटेल हे मला खरंच माहीत नव्हतं.

त्यानंतर मी पेटलो. जीप टोचन लावून अंबडला पुंजा मिस्तरीकडे नेली. त्याने रेडिएटर तीनदा धुतला, निघालेला गाळ मला मुद्दाम बादलीत दाखवला. मग म्हणाला, "येकच जात धरा, सावळीरामभाऊ. निम्मं कुलंट, निम्मं डिस्टिल पानी. बोअरचं नाव काढू नका." मी विचारलं, जात रंगावरून ओळखायची ना? तर नाही! रंग ज्याची त्याची कंपनी आपल्या मनाने घालते. जात गाडीच्या पुस्तकात लिहिलेली असते, तेच डब्यावर शोधायचं. आणि नुसतं घट्ट कुलंट पाण्याशिवाय भरलं तर गाडी थंड राहण्याऐवजी उलट जास्त तापते. नवनाथ, मी एवढा खुश दहावी पास झालो तेव्हाही नव्हतो. पुस्तक पंधरा वर्षं सीटखाली होतं, लताच्या छत्रीखाली.

पण निम्मं-निम्मं ऐकलं की आम्हा द्राक्षवाल्यांचा हात आपोआप ड्रमकडे जातो. लोटाभर मिसळणं आम्हाला येत नाही. निळा ड्रम घासून, डिस्टिल पाण्याने विसळून, उन्हात वाळवला. आधी पाणी, मग औषध (औषधच म्हणतो मी त्याला), मग उरलेलं पाणी, आणि काठीने एकाच दिशेने ढवळणं. पीएचची पट्टीसुद्धा बुडवली. का बुडवली ते विचारू नकोस, सवय. झालं पन्नास लिटर. जीपला लागतं नऊ. उरलेलं कोठीत कुलपात ठेवलंय, कारण ते चवीला गोड आणि पोटात गेलं तर विष, आणि आपली मांजर चौकस. गल्लीतल्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला मी विचारलं, तुझ्या पुस्तकात हीच जात आहे का, घेऊन जा. आता मला लांबून बघितलं की लोक ट्रॅक्टर दुसऱ्या रस्त्याने काढतात.

आणि मग चाचणी! पहिल्या दिवशी घाटाच्या पायथ्यापर्यंत, तापमानाचा काटा निम्म्याच्या खाली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वळणापर्यंत. त्याच दगडाजवळ उतरलो, बॉनेटवर हात ठेवला. कोमट. मला इतका आनंद झाला की सांगायला शेजारच्या सीटकडे वळलो.

बाकी सर्व ठीक. बागेची खरड छाटणी उरकली, फुटी चांगल्या आहेत. सासूबाईंना दंडवत, उज्वलाला आशीर्वाद, आरोहीला पापा.

तुझा,
सावळीराम

ता. क. शाळेत कोणाची जीप असेल तर पुस्तक बघून कळव. एकेचाळीस लिटर शिल्लक आहे.

ता. क. दुसरा. वर एक गोष्ट लिहायची राहिली, म्हणजे मी ठेवली. घाटात काटा वर चाललाय हे लताने मला दोनदा सांगितलं होतं. पहिल्या वळणावर एकदा, दुसऱ्यावर एकदा. दोन्ही वेळा मी तेच म्हणालो, जे तुला लक्षात ठेवायला सांगितलं होतं. जीप कुलंटमुळे तापली, लता त्या वाक्यामुळे. पुंजाकडे याचा इलाज नाही. चूक माझी आहे, हे तिला सांग. माझ्या तोंडून नीट निघत नाही.

ता. क. तिसरा. चाचणीच्या तिसऱ्या दिवशी मी पेठपर्यंत आलो होतो. तुझ्या घराच्या कोपऱ्यावर थांबलो. ती ओट्यावर आरोहीला मांडीवर घेऊन बसली होती, बाळाला कुंची घातलेली. मी गाडी वळवून परत गेलो. रविवारी पुन्हा येतो. ती एसटीनेच जायचं म्हणाली तरी चालेल, मी एसटीच्या मागे मागे येईन. पण जमलं तर तिला जीपमध्ये बसायला सांग. ती थांबा म्हणाली की मी तिथल्या तिथे थांबेन. कुलंट कितीही चांगलं असलं तरी घाटात रस्ता आणि काटा, दोन्ही एका माणसाला बघता येत नाही.