कोंढार नाक्यावरील ठावयंत्र व त्यासोबत आलेला हातोडा

प्रति,
मेहेरबान जकात अधिकारी साहेब,
हुजूर कचेरी, संस्थान शिवणी (धाकटी पाती)

विषय : मौजे कोंढार नाक्यावर अडकून असलेले, पाण्याचा तळ मोजण्याचे यंत्र, नग एक, फोडून मोडीच्या दराने जकात घेण्याच्या हुकुमाची तामिली न झालेबाबत.

संदर्भ : आपला हुकूम, जावक क्र. ११७, ता. ३ जानेवारी १९४८, व त्यासोबत आलेला हातोडा.

महोदय,

१. अर्जदार आप्पासो नेमगोंडा मगदूम हा कोंढार नाक्यावर बावीस वर्षे नाकेदार आहे. वर नमूद हुकुमाची तामिली झालेली नाही, आता होणे शक्यही नाही आणि याचा सर्व दोष अर्जदाराचा आहे. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढील मजकूर वाचताना दोषी कोण ते शोधण्याची तसदी साहेबांस पडू नये.

२. सदरहू यंत्र गेल्या वर्षी पौषात नाथाजी मसू आंबी याने नाक्यावर आणले. आंबी म्हणजे आपल्या उतारावर नाव चालविणारे घराणे. हा नाथाजी लढाईत शाही आरमारात होता. तेथून सुटल्यावर मुंबईत लढाईच्या शिल्लक मालाच्या लिलावात त्याने हे यंत्र घेतले, ताकारी स्टेशनवर उतरविले आणि बैलगाडीने आणले. काळी लोखंडी पेटी, आत कागदाची गुंडाळी व एक सुई. पेटीला जाड वायर, वायरीच्या टोकाला पाण्यात सोडण्याचा पितळी डबा. डबा पाण्यात आवाज सोडतो, आवाज तळाला आपटून माघारी येतो आणि माघारी यायला किती वेळ लागला त्यावरून सुई कागदावर तळाची रेघ काढते. तळाशी काही पडले असेल तर रेघेला तेथे उंचवटा येतो. नावेत ठेवून सगळीकडे फिरविले की पाण्याखालच्या जमिनीचा नकाशा तयार. मी त्याला विचारले, दोरीला दगड बांधून सोडलास तर काय बिघडते? तो म्हणाला, "आप्पा, दोरी एका जागंचं सांगती. आन् वाहत्या पान्यात ती सरळ तरी ऱ्हाती व्हय?" दरपत्रक चाळले. त्यात या प्रश्नाला उत्तर नव्हते आणि यंत्रालाही रकाना नव्हता. याच नाक्यावरून एकदा सर्कशीतले अस्वल गेले होते. त्यालासुद्धा 'पाळीव जनावरे, इतर' असा रकाना सापडला होता.

३. यंत्र कशासाठी आणले तेही तेव्हाच कळविले होते. पुन्हा लिहितो. त्याच्या आधीच्या भाद्रपदात उताराची नाव कासवडोहाच्या तोंडाशी उलटली. नावेवर नाथाजीचा थोरला भाऊ जोतिबा होता. बाजारकरी माणसे त्याने दोर टाकून एकेक करून काठाला लावली. शेवटी नाव खाली गेली आणि जोतिबा दिसेनासा झाला. पाणबुडे दोनदा उतरले. डोह खोल, तळाला घळी, वर गाळ. नेमके उतरायचे कुठे हेच कोणाला ठाऊक नाही. माणूस सापडला नाही म्हटल्यावर लोकांनी तो आपापल्या सोयीने शोधून काढला. नाव बुडविल्याचा ठपका येईल म्हणून पोहून पलीकडे निघाला आणि पळाला, असे ठरले. सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यावर परमुलखात फिरणाऱ्या विट्याच्या एका गलाईवाल्याने तो मदुरेस पाहिला. दुसऱ्याने कलकत्त्यास पाहिला. तिसऱ्याने लाहोरात पाहिला आणि तेथे तो जाडही झाला होता. बावीस वर्षांत अर्जदाराला एकदा कऱ्हाडला जायची रजा मिळाली. जोतिबाने मेल्यावर वर्षभरात सारा हिंदुस्थान पालथा घातला.

४. आता वर्ग ठरविण्याबाबत. प्रथम यंत्र टिकटिक करते म्हणून कचेरीने 'घड्याळे' हा वर्ग सुचविला. ते वेळ दाखवीत नाही असे कळविले. मग 'वाद्ये' हा वर्ग निघाला. तपासणीसाठी संस्थानचे बँडमास्तर पाठविण्यात आले. त्यांनी सकाळभर कान लावून लेखी अहवाल दिला की, यंत्रास एकच सूर आहे, तोही जुळविता येत नाही, सबब वाद्य मानल्यास बँडची अब्रू जाईल. त्यानंतर रेडिओचा संशय आला. फौजदारसाहेबांनी दिल्लीच्या बातम्या लागतात का हे पाहण्यास दुपार घालविली, व काहीच ऐकू येत नाही याअर्थी हे फार गुप्त असावे, असा शेरा दिला. मग 'मासे धरण्याची साधने'. त्यावर मासेमारीच्या मक्तेदाराने हरकत घेतली की, असे यंत्र एकाला दिले तर आम्ही जाळी विकून टाकावी काय.

५. नियम नऊ सांगतो की, दरपत्रकात नसलेल्या जिन्नसाचा वर्ग तो ज्या कामी लागतो त्यावरून ठरवावा. अर्जदाराने लिहिले, एकदा पाण्यात सोडून पाहू द्यावे. परवानगी आली, परंतु वर्ग ठरल्याशिवाय माल नाक्याच्या खांबाआत नेऊ नये या अटीवर. विहीर खांबाच्या आत आहे. खांबाच्या बाहेर गुरांचा हौद आहे. सबब परीक्षा हौदात झाली. गुडघाभर पाण्यात सुई जागची हलली नाही. नाथाजी म्हणाला, आवाज सुटतो न सुटतो तोच परत येतो, सुईने करायचं काय. आपल्या कचेरीचे परीक्षक म्हणाले, यंत्र बंद आहे. दोघेही आपापल्या परीने खरे बोलले. अहवाल मात्र एकाचाच गेला.

६. या सर्व काळात जोतिबाची बायको अंबूबाई दर बाजारच्या दिवशी नाक्यावर येऊन वजनाच्या दगडावर बसत असे. रडणे नाही, तक्रार नाही. नुसती पेटीकडे बघायची आणि बाजार उठला की निघून जायची. पहिल्यांदा वाटले, हिला जकात माफ करून हवी आहे. तसे नव्हते. गावात तिचे काय करावे हे कोणाला कळत नव्हते. विधवा म्हणावे तर नवरा लाहोरात जाड झालेला. सवाष्ण म्हणावे तर तो डोहात. परवाच्या संक्रांतीला काही बायकांनी तिला वाण दिले, काहींनी तिला बघून दार लावून घेतले. दुसऱ्या दिवशी ती नाक्यावर आली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "रावसाब, मी कुकू लावू का पुसू, येवढं तरी सांगा. तुमच्या पुस्तकात सगळ्या जिनसांचं रकानं हायत म्हनं."

मी पुस्तक उघडले नाही.

७. त्याआधीच आपला ११७ क्रमांकाचा हुकूम पोचला होता. यंत्र बंद असल्याने ते 'मोडका लोखंडी माल' समजावे, आणि मोड वजनावर घ्यायची असल्याने ती आधी फोडून घ्यावी. सोबत सरकारी हातोडा, नग एक, पोच द्यावी. पोच त्याच दिवशी दिली. कचेरीची घाई अर्जदारास समजते. संस्थान आता मुंबई इलाख्यात विलीन होणार, नाके उठणार, नवे लोक यादी मागणार आणि यादीत रकाना नसलेली वस्तू कोणालाच नको. हातोड्याखाली गेलेल्या वस्तूला रकाना लागत नाही. हे कामकाजाच्या दृष्टीने बरोबरच आहे.

शिपाई कृष्णात याने हातोडा दोन दिवस टेबलाखाली ठेवला. तिसऱ्या दिवशी विचारले, "आप्पा, आधी पेटी फोडू का वायर तोडू?" मी त्याला चहा आणायला पाठविले. असे मी त्याला त्या आठवड्यात बरेचदा पाठविले. शेवटी चहावाला म्हणाला, नाकेदारांना काही दुखणं लागलंय काय.

८. अंबूबाई बोलून गेल्यानंतर त्या संध्याकाळी मी दरपत्रक पहिल्या पानापासून वाचले. बाब एकसष्ट : 'अंत्यविधीचे सामान. माफ.' कळक, मडके, पांढरे कापड, गोवऱ्या आणि 'त्या कामी लागणारे इतर'. या बाबीखालचा माल नाकेदाराने स्वतःच्या अखत्यारीत, क्षणभरही न थांबविता सोडावा, असा कैलासवासी मोठ्या सरकारांच्या वेळचा शेरा आहे. इतक्या वर्षांत कितीतरी तिरड्या मी नाक्यावरून सोडल्या आणि एकदाही हा शेरा वाचायची गरज पडली नव्हती. वर्ग उपयोगावरून ठरवायचा. उपयोग नाथाजीने पहिल्याच दिवशी सांगितला होता. आम्ही पेटीला कान लावीत बसलो, माणसाचे ऐकलेच नाही.

सकाळी नाथाजीला बोलावून पास फाडून दिला. 'जिन्नस : पाण्याचा ठाव घेण्याचे यंत्र. बाब : एकसष्ट. जकात : माफ.' त्याने पास वाचला, घडी घालून टोपीत ठेवला. मग म्हणाला, "आप्पा, ह्ये वरीसभर आदी सुचलं न्हाई व्हय?"

९. दोन दिवस नावेतून यंत्र फिरले. अर्जदार स्वतः काठावर हजर होता. डोहाच्या वरच्या अंगाला सुईच्या रेघेला एका घळीत उंचवटा आला. पुन्हा फिरविले, पुन्हा तेथेच आला. केरबा आंबी नावाचा पाणबुडा नेमका तेथे उतरला. नाव पालथी होती. नावेखाली जे हाती लागायचे ते लागले. दंडातले चांदीचे कडे अंबूबाईने ओळखले. नावेचा दोर कड्याच्या वरच्या बाजूस हाताला गुंडाळलेला तसाच होता. माणसे काठाला लावताना तो त्याने गुंडाळून घेतला असावा. तो पोहून पलीकडे गेला नव्हता, इतके त्या दोराने सांगितले. बाकी मदुरा, कलकत्ता, लाहोर या ठिकाणांची फिरती रद्द समजण्यात यावी. त्याच दिवशी घाटावर अग्नी दिला.

सबब, माल ज्या कामासाठी सोडला त्याच कामी लागला आणि बाब एकसष्ट योग्य ठरली, असे अर्जदाराचे नम्र म्हणणे आहे.

१०. यापुढील प्रकार अर्जदाराच्या हिशेबात नव्हता. विधी आटोपल्यावर नाथाजी पेटी गाडीत घालू लागला तेव्हा गावच्या म्हाताऱ्यांनी अडविले. पास गावभर वाचला गेला होता. धोंडुबाई म्हणून जुनी बाई आहे, ती म्हणाली, "मयताचं सामान म्हनून आलंय न्हवं? मग घराकडं कसं न्यायचं रं? कवा कुनी तिरडीचं कळक माघारी आनल्यात?" नाथाजीने समजावले की, हे आरमाराचे यंत्र आहे, यावर जहाजे चालतात. ती म्हणाली, "चालूदेत की. तिकडं मयतं व्हत न्हाईत व्हय?" गाडीवानाने बैल सोडले. नाथाजीने थोडा वेळ पेटीवर हात ठेवला, मग तोही इतरांबरोबर नदीत उतरून अंघोळ करून घरी गेला.

यंत्र तेव्हापासून घाटावर, उंबराखाली आहे. कोणी चोरणार नाही याची खात्री अर्जदार देतो. कृष्णातला हातोडा घेऊन पाठवून पाहिले. तो खांबापासून माघारी आला. "आप्पा, घरात लेकरं हायत. मयताच्या सामानाला हात लावून मी कसा घरी जाऊ?" त्याच्यावर शिस्तभंगाचा इलाज करू नये, कारण अर्जदारासही तोच प्रश्न पडला आहे. साहेबांनी स्वतः येऊन हुकुमाची तामिली करावयाची झाल्यास अंघोळीस नदी जवळच आहे.

११. तरी विनंती की, बाब एकसष्टखालील नोंद कायम करावी आणि ११७ क्रमांकाचा हुकूम मागे घ्यावा. ते शक्य नसल्यास यंत्रावरील मोडीची जकात अर्जदाराच्या पगारातून कापावी, पण नोंद खोडू नये. नोंद खोडली तर जोतिबा पुन्हा लाहोरास जाईल.

काल बाजार होता. अंबूबाई नाक्यावरून गेली. कपाळ मोकळे होते. वजनाच्या दगडापाशी थबकली, पण बसली नाही. म्हणाली, "आता कुनी काय इचारत न्हाई, रावसाब." आणि बाजाराच्या वाटेला लागली.

कळावे, हुकुमाच्या प्रतीक्षेत,

आपला नम्र सेवक,
आप्पासो नेमगोंडा मगदूम
नाकेदार, मौजे कोंढार
ता. २७ जानेवारी १९४८

सोबत :
१) पासाची नक्कल.
२) बँडमास्तरांचा अहवाल, मूळ.
३) यंत्राने काढलेल्या कासवडोहाच्या तळाच्या नकाशाचा तुकडा. उंचवटा आहे तेथे नाथाजीने बोटाने खूण केली आहे, ती पुसू नये.
४) सरकारी हातोडा, नग एक, न वापरता परत. पोच द्यावी.