लोण्याचा डबा आणि आपला समुद्र

मोर्शी, मे १९६०, रविवार संध्याकाळ

आजही डिझेल आलं नाही. विहिरीवरचं इंजिन बंद, संत्र्यांनी माना टाकल्यात. चिडून बाबांना सांगितलं, परदेशी तेलावाचूनही चालेल! शाळेत आलेल्या मासिकात वाचलं होतं. समुद्राचं वरचं पाणी कोमट, तळाचं गार. त्या फरकावर इंजिन चालवून वीज करता येते आणि त्या विजेनं पाण्यातला हायड्रोजन सुटा करून जाळता येतो. मग कुणापुढे हात पसरायला नको.

बाबा म्हणाले, "समुद्र मुंबईचा. आपल्याले काय त्याचं?"

"आता सगळ्या मराठी मुलखाचं एक राज्य झालं ना? मग आपलाही."

वेगळ्या विदर्भासाठी घसा फोडून भांडलेल्या माणसाला हे कशाला बोलले मी?

तेवढ्यात आईनं विहिरीतून लोण्याचा डबा वर ओढला. उन्हाळ्यात लोणी टिकावं म्हणून आम्ही तो दोरानं तळाशी सोडतो. हातात घेतला. इतका गार! समुद्राचा तळ असाच असेल? घरात कुणी पाहिलाय समुद्र? मी मुलींना भरती-ओहोटी शिकवते, तीही फळ्यावर.

बाबांनी माझ्या हातातला डबा घेतला. दोन्ही तळव्यांत धरून त्याचा गारवा चाचपला. मग खाली बघतच म्हणाले, "बडनेऱ्याहून मुंबईची गाडी कवा असते वं?"