अंगठा लागतच नव्हता

आये, तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती मला स्वतःलाच मागच्या महिन्यात कळली. जिवंत होतीस तेव्हा मला कधी पुरं बोलू दिलं नाहीस, आता मुकाट ऐक. तिसरीपर्यंतची शाळा माझी, अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं, आणि कागद म्हणजे गेल्या सालच्या कॅलेंडरची मागची बाजू. पण लिहिणार. सांगितलं असतं कुणालाही, पण ही गोष्ट ज्यांना पुरती समजेल त्या आपण दोघीच, आणि त्यातली एक मेली.

घोडनदीच्या काठच्या आपल्या गावात तू सुईण. बाईला कळा सुरू झाल्या की अर्ध्या गावाला तुझं घर दिसायचं, एरवी कुणाला दिसत नव्हतं. वरच्या आळीत गेलीस की बाळ निघेपर्यंत सगळं घर तुझं. "पाणी तापवा, दार लावा, त्या म्हातारीला बाहेर काढा" असं तू पाटलिणीलासुद्धा दरडावायचीस. बाळ रडलं, नाळ कापली, की तू उंबऱ्याबाहेर. लुगडं-चोळी वरून टाकायचे आणि तू शिवलेली जागा सारवून घ्यायचे. तू घरी येऊन हसायचीस. म्हणायचीस, "त्यांचं पोर पयलं मला शिवतंय, मग त्यास्नी. ते सारवा म्हणावं." तुझा तोरा मला आवडायचा. पण तुझं सगळं खरं नसायचं. पोर अंगावर पितंय तोवर बाईला दिवस जात नाहीत, हे खूळ गावात तूच पसरवलंस. त्याच खुळापायी मला तिसरं राहिलं. धाकटा अजून दूध सोडत नव्हता, थोरली हाताशी यायची होती, तुझा जावई वीटभट्टीवर. त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. त्याच्या लेखी पोर म्हणजे भट्टीवर आणखी दोन हात.

मी माहेरी आले तेव्हा तू चुलीपुढं भाकरी थापत बसली आहेस. मी म्हणते, "आये, मला हे नको. तूच कर काय ते." गावातल्या बायांचं तू करत होतीस, मला ठाऊक होतं. त्या मागच्या दारानं यायच्या आणि भरल्या डोळ्यांनी जायच्या. तुझी थापती भाकरी परातीत पडते आणि पिठाच्या हातानं तू माझ्या थोबाडीत देतेस. गालावर पीठ तसंच. मला वाटलं, पापपुण्याचं काही सांगशील. तू म्हणालीस, "माझ्या हाताखाली एक गेलीया. वरच्या आळीची. आत काय फाटतंय ते हाताला दिसत न्हाई, कळलं? तवापास्नं मी हात लावत न्हाई, आन् तुला तर न्हाईच न्हाई. दौंडात डाक्टर करत्यात. सरकारनं मोकळीक दिलीया म्हणं." तुला ते आरोग्याच्या नर्सबाईनं सांगितलं होतं. सरकारनं मोकळीक दिली, एवढंच तुला ठाऊक. कुणाला दिली, कशी दिली, ते तिनं सांगितलं नाही आणि तू विचारलं नाहीस.

तो दौंडचा दवाखाना आता नाही, त्या जागी कापडाचं दुकान झालं आहे. मध्यंतरी लग्नाच्या बस्त्याला गेले होते तिथं, पण साडी न घेता बाहेर आले. तेव्हा मात्र आपण एसटीतून उतरून थेट तिथं गेलो. टेबलावरच्या नर्सनं विचारलं, "नवऱ्याचं नाव?" आता नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नसतं, हे तूच शिकवलेलं. मी खाली मान घालून गप्प. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा गप्प. तिला वाटलं, पोरगी बिनलग्नाची आहे. "कुठं शेण खाऊन आलीस गं?" असं ती सगळ्यांदेखत म्हणाली. तू पुढं होऊन जावयाचं नाव असं मोठ्यानं सांगितलंस की रांगेतल्या बाया वळून बघायला लागल्या. नर्स म्हणाली, "मग तो कुठाय? त्याचा अंगठा लागतो. अंगठ्याबिगर डॉक्टर बघणार न्हाईत."

दुसरी कुणी असती तर परत फिरली असती. तू मला बाकावर बसवलंस, "हितनं हलू नको" म्हणालीस आणि स्टेशनकडं गेलीस. परत आलीस ती एक हमाल घेऊन. लाल सदरा, डोक्यावर चुंबळ तशीच. तू त्याला काय म्हणालीस ते तूच पुढं कितीदा रंगवून सांगायचीस. "दादा, घडीभर माझा जावई व्हा," असं तू म्हणालीस, आणि तो म्हणाला, "मावशे, एकच सासू मला झेपंना, दुसरी कुठं गळ्यात बांधता?" पण आला बिचारा. डॉक्टरनं त्याला विचारलं, "मुलं किती?" तो छाती काढून म्हणाला, "पाच हायती सायेब, समदी गुणाची." तू त्याच्या पायावर टाच दिलीस. "दोन सायेब! ह्याला मोजता येत न्हाई, म्हणून तर ही पाळी आली." त्यानं अंगठा दिला, शाई चुंबळीला पुसली आणि जाताना मला म्हणाला, "ताई, जिवाला जप." माझ्या खऱ्या नवऱ्यानं जन्मात तेवढं म्हटलं नाही.

मग डॉक्टर म्हणाला, "दोन आहेत ना? मग ऑपरेशन करून टाकू. ऑपरेशनाला तयार असाल तरच हे करतो." त्या काळी वरून पोरं बंद करायच्या ऑपरेशनचा आकडा यायचा, इतक्या बायका झाल्याच पाहिजेत म्हणून. त्यांना एक बाई सापडली होती. मी पडद्याच्या अलीकडं उभी होते, तू पलीकडं. मला सगळं ऐकू येत होतं. तू म्हणालीस, "करा. दोन्ही करा."

घरी आल्यावर जावयापुढं तू उभी राहिलीस. "मी केलंय. काय बोलायचं ते मला बोला." तो बोलला नाही, मला मारलं नाही, नुसता महिनाभर माझ्या हातचं जेवला नाही. मीही तुझ्याशी बोलेनाशी झाले. तुला वाटलं, पोरीची कंबर दुखते. मी तसंच वाटू दिलं.

आता मागच्या महिन्यातलं सांगते. माझ्या लेकीची लेक कारेगावात खोली घेऊन राहते. रांजणगावच्या एका कंपनीत कामाला आहे, कंत्राटी. नवरा दुसऱ्या कंपनीत. पदरात नऊ महिन्यांची पोरगी, तीही पोट फाडून काढलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, एवढ्यात दुसरं नको. पण तिची सासू तुझीच बहीण शोभावी अशी. "अंगावर पाजतीस ना, मग काय व्हत न्हाई." झालं. नात मला फोनवर म्हणाली, "आज्जी, माझ्यानं नाय होणार. टाके अजून ओढतात. आणि पोट दिसलं की सुपरवायझर उद्यापासून येऊ नको म्हणतो." तिच्या आईला मी सांगितलं नाही, ती आधी रडते आणि मग विचार करते. मी पहिल्या गाडीनं कारेगावला गेले.

नवरा म्हणत होता, "आईला विचारू." आईचं आधीच ठरलेलं होतं, पहिली पोरगी झाली, हा पोरगा असेल. आणि वर धाक, "ते कायद्यानं बंद हाय. जेलात जाशील. दवाखान्यात बोर्ड लावल्यात." आम्ही रस्त्यावरच्या एका काचेच्या दवाखान्यात गेलो तर काउंटरवरची पोरगीही तेच म्हणाली. "आजी, इथं असलं होत नाही. बोर्ड वाचा." मी वाचला. एकेक अक्षर लावून वाचला. पोटात मुलगा आहे का मुलगी ते बघणं गुन्हा आहे, असं लिहिलं होतं. मी म्हणाले, "बाई, मुलगा का मुलगी हे हिच्या सासूला पाहिजे. आमाला ते कळायचंच न्हाई. हिला आत्ता ठेवायचं न्हाई, एवढंच."

"तेच ते, आजी."

"तेच ते कसं? ते वेगळं, हे वेगळं."

ती कंटाळून म्हणाली, "बरं, नवऱ्याला घेऊन या. त्याची सही झाली की मॅडमना विचारते."

"आत्ता गुन्हा हाय म्हणालीस. नवरा आला की गुन्हा न्हाई व्हय?"

मागं बसलेली एक बाई फिसकन हसली. नातीनं माझा पदर ओढला. आम्ही बाहेर आलो, आणि आये, मला खरंच वाटलं की आता रांजणगावच्या फाट्यावर उभं राहून एखादा ट्रकवाला जावई शोधावा लागणार.

तसं केलं नाही. शिरूरला सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणजे एक शेलाटी पोरगी, आपल्या नातीहून चार वर्षांनी मोठी असेल. मी बसायच्या आधीच सुरुवात केली, "हिचा नवरा कामावर हाय, सहीला येनार न्हाई, आन् ऑपरेशन आमी करनार न्हाई, आधीच सांगते." ती हसली. म्हणाली, "आजी, नवऱ्याची सही कोण मागतंय? अठराच्या पुढची बाई असली की सही तिची एकटीची. आणि ऑपरेशनची कसली अट? तशी अट घालताच येत नाही." मी विचारलं, "हे नवीन निघालं व्हय?" ती म्हणाली, "सुधारणा नव्या आहेत. आता लग्न झालेलंच पाहिजे असंही राहिलं नाही. पण सही बाईचीच, हे पहिल्यापासून आहे. एकाहत्तरच्या कायद्यापासून."

ऐकलंस? पहिल्यापासून. आपण त्या दवाखान्यात गेलो तेव्हा तो कायदा होऊन काही वर्षं झाली होती. अंगठा लागतच नव्हता, आये. तो हमाल, ती चुंबळीला पुसलेली शाई, तुझी ती टाच, सगळं फुकट. माझ्या अंगठ्यावर काम होत होतं आणि माझा अंगठा कुणी मागितलाच नाही. सरकारनं मोकळीक मला दिली होती. मधल्या लोकांनी ती माझ्या नवऱ्याच्या खिशात नेऊन ठेवली, आणि तू ती मागायला स्टेशनावर गेलीस. मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. जाऊही देणार नाही.

पुढं ती डॉक्टर म्हणाली, "आजी, आता तुम्ही बाहेर थांबा. मला हिच्याशी एकटीशी बोलायचंय." मला झोंबलं. एवढ्या लांबून आणलं मी, भांडले मी, आणि मीच बाहेर? पणतीला मांडीवर घेऊन बाकावर बसले. दार लोटलेलं होतं, तरी आवाज येत होता. डॉक्टर विचारत होती, "तुला स्वतःला काय पाहिजे? घरच्यांचं सोड. आजीनं आणलं म्हणून आलीस का?"  मग नातीचा आवाज, बारीक पण सरळ, "नाही. मलाच नको आहे."

मग सोनोग्राफी झाली, रक्त बघितलं, तिनं सही केली. गोळ्यांवर होण्यासारखं होतं. पहिली तिथंच दिली, पुढच्या गोळ्यांसाठी परत बोलावलं, आणि रक्त जास्त गेलं तर लगेच ये, हे तिच्या तोंडून म्हणवून घेतलं. पुढं दिवस जाऊ नयेत म्हणून काय काय असतं ते सांगितलं, पण आत्ताच ठरव म्हणाली नाही. बाहेर पडताना नवऱ्याचा फोन. मला पलीकडचा ओरडा ऐकू येत होता, "कुणाला विचारून गेलीस?" पोरगी फाटकात थांबली. म्हणाली, "मला विचारलं," आणि फोन बंद केला. संध्याकाळी तो खोलीवर आला, तोंड पाडून बसला, मग तान्ह्या लेकीला घेऊन दूध आणायला गेला. सासू अजून बोलत नाही. बरं आहे, तेवढीच शांतता.

नात आता बरी आहे, परत कामाला जाते. मी अजून कारेगावातच आहे. त्या चाळीत एका रांगेत सोळा-सतरा खोल्या आहेत, निम्म्या बिहारच्या, निम्म्या मराठवाड्याच्या. दुपारी नळावर बाया जमल्या की मी सांगते. माझी हिंदी ऐकून हसतात, पण ऐकतात. बोर्डावरचा गुन्हा वेगळा आणि हे वेगळं. सही तुझी एकटीची. अंगावर पाजतेस म्हणून बेफिकीर राहू नको. एक म्हणाली, "दादी, तुमको शरम नहीं आती?" मी म्हटलं, आती थी, उसमें बहुत नुकसान हुआ. हे मी सांगत राहणार, जोवर दात आहेत तोवर, आणि नंतरही.

आता तुझ्याशी हिशेब. माझ्यासाठी तू नर्सशी भांडलीस, परक्या माणसाच्या हातापाया पडलीस, जावयापुढं उभी राहिलीस. मी काहीच विसरलेली नाही. पण शिरूरच्या त्या बाकावर बसून मी लोटलेल्या दाराआडून ते चार शब्द ऐकले, तुला स्वतःला काय पाहिजे, आणि मला कळलं की इतकी वर्षं मी डॉक्टरवर रागावले नव्हते, नवऱ्यावरही नाही. तुझ्यावर रागावले होते. पडद्यापलीकडं मी उभी होते, आये. दोन पावलांवर. पडदा बाजूला करून तू विचारायचं होतंस.

हा कागद धाडायला जागा नाही, आणि असती तरी धाडला नसता, कारण खाली आहे ते तुला कळू द्यायचं नाही. विचारलं असतंस तर मी व्हयच म्हणाले असते. दोन्हीला.